मायोजिप्सिना: अमेरिकेतून निघून कच्छमार्गे जावापर्यंत पोचलेलं खानदान

दगडूबाई

‘नागपूरच्या आसपासचे जीवाश्म’ या धाग्यावर परवा दोन विषयांची सरमिसळ झाली. एक, विदर्भात समुद्री जीवाश्म का मिळत नाहीत. दोन, कुणीतरी टाकलेला कच्छच्या चुनखडकाचा फोटो आणि त्याखालचा शेरा: ‘हे तर मेक्सिकोतही सापडतं, म्हणजे दोन्ही खडक एकाच वयाचे.’ पहिल्याबद्दल कुणी विचारलं तर खाली बोलूच. दुसरा शेरा मात्र असा आहे की त्याच्यासाठी वेगळा धागा हवाच. सूक्ष्म जीवाश्मांच्या स्लाइड्स बघण्यातच माझी नोकरी गेली, आणि ही समजूत मी कायम ऐकत आले.

फोटोत होता मायोजिप्सिना, फोरॅमिनिफेरा या गटातला. फोरॅमिनिफेरा हे समुद्रातले एकपेशी जीव. स्वतःभोवती कवच बांधतात आणि वाढतील तसे त्याला कप्पे जोडत जातात. बहुतेक इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. पण उथळ, उबदार, नितळ समुद्राच्या तळाशी राहणारे काही गट चांगले काही मिलिमीटर, क्वचित काही सेंटिमीटर वाढले. न्युम्युलाइट्स, लेपिडोसायक्लिना आणि आपला मायोजिप्सिना हे त्यांतले. अशांचे आजचे भाऊबंद आपल्या पेशीत शैवाल पाळतात, बऱ्याचदा डायटम हे एकपेशी शैवाल. शैवालाला ऊन लागतं, म्हणून हे जीव उजेड पोचतो तेवढ्याच खोलीत राहतात. पुढचं समजायला एवढं लक्षात असू द्या.

मायोजिप्सिनाची घडण अशी: सुरुवातीला दोन भ्रूणकप्पे, त्यांच्याभोवती मळसूत्रासारखी कप्प्यांची एक रांग आणि मग एका बाजूला हातपंख्यासारखा पसरत गेलेला बारीक कप्प्यांचा थर. म्हणून भ्रूणकप्पे मधोमध नसतात, कडेला असतात. पूर्वज होता निओरोटालिया. त्याच्यात नुसतं मळसूत्र आहे, पंखा नाही. सगळ्यात जुन्या मायोजिप्सिनिडांमध्ये, म्हणजे मायोजिप्सिनाच्या कुळातल्यांमध्ये, मळसूत्र लांबलचक आणि पंखा नावापुरता. जसजसा काळ पुढे जातो तसतसं मळसूत्र आखडत जातं आणि पंखा लवकर सुरू होतो. पुढे भ्रूणकप्प्यांच्या दुसऱ्या बाजूनंही एक मळसूत्र फुटतं, आधी छोटं, मग पहिल्याच्या तोडीचं. मायोजिप्सिनॉइडीस या जुन्या प्रजातीत दोन्ही अंगांच्या भिंती भरीव असतात. खास मायोजिप्सिनात तिथेही कप्प्यांचे थर येतात.

याला शिस्त लावली ती दोघांनी. जावात जन्मलेल्या तान सिन होक यांनी १९३२ मध्ये सायक्लोक्लिपियस या दुसऱ्या मोठ्या फोरॅमिनिफेरावर काम करताना बालपणाचे कप्पे कमी कमी होत जाण्याची ही रीत दाखवली आणि पुढे मायोजिप्सिनिडांनाही लावली. मग नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या ड्रूगर यांनी १९५२ पासून सरळ मोजणीच सुरू केली. मळसूत्रातले कप्पे मोजायचे, त्या आकड्याला एक्स म्हणायचं, आणि एकट्यादुकट्या कवचावर न जाता नमुन्यातल्या सगळ्या कवचांची सरासरी काढायची. सरासरी १७ च्या वर असेल तर मायोजिप्सिनॉइडीसची कॉम्प्लॅनॅटस ही जात, १३ ते १७ फॉर्मोसेन्सिस, १० ते १३ बँटामेन्सिस, १० च्या खाली डेहार्टी. आपल्याकडे ओएनजीसीच्या डी. एस. एन. राजू यांनी भारतीय मायोजिप्सिनिडांचा असाच अभ्यास केला, तो १९७४ मध्ये युट्रेख्टहूनच छापला गेला. त्याच वर्षी मुंबई हायला तेल लागलं. त्या तेलाचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या (साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात आहे, त्यामुळे अशा जीवाश्मांची ओळख ही हौसेची बाब उरली नव्हती.

आता भूगोल. हे कूळ पहिल्यांदा कागदावर आलं ते इटलीतून. तुरिनजवळच्या टेकड्यांतली कवचं मिकेलोट्टीनं १८४१ मध्ये न्युम्युलाइट्स समजून नोंदवली. पण कुळाचा उगम अमेरिकेच्या बाजूला. पूर्वज निओरोटालिया ते पहिले मायोजिप्सिनिड या पायऱ्या तिथल्या ऑलिगोसीन (मायोसीनच्या लगेच आधीच्या काळातल्या) खडकांत, इतर कुठल्याहीपेक्षा आधी दिसतात. ऑलिगोसीनमध्ये अंटार्क्टिकावर बर्फ साचत होता, समुद्राची पातळी खाली गेली होती. त्या काळात काही वंश अटलांटिक ओलांडून अलीकडे आले. लंडनच्या बूडाघेर-फाडेल आणि प्राइस यांनी २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचे, कोर्सिका, सायप्रस, सीरिया आणि सुमात्राचे नमुने एकत्र मांडले. त्यांच्या मते वाटा दोन झाल्या. एक आफ्रिकेच्या कडेनं दक्षिणेला, जिथे ते वेगळे पडून आपापलेच बदलत राहिले. दुसरी भूमध्याच्या बाजूनं टेथिस समुद्रात (आफ्रिका-अरबस्तान आणि युरेशिया यांच्यामधला, आता मिटलेला) आणि तिथून काही दशलक्ष वर्षांत हिंद-प्रशांत प्रदेशात. कच्छ दुसऱ्या वाटेवर. अमेरिकेतलं आणि दक्षिण आफ्रिकेतलं कूळ आधी संपलं, हिंद-प्रशांतातलं मध्य मायोसीनपर्यंत टिकलं.

आणि मुद्दा इथेच आहे. मळसूत्र आखडण्याची ही चाल प्रत्येक प्रदेशात स्वतंत्रपणे झाली. अमेरिकेत झाली, भूमध्यात झाली, आपल्याकडे झाली, पण वेग आणि सुरुवात सारखी नव्हती. म्हणून कच्छच्या दगडात आणि मेक्सिकोच्या दगडात हुबेहूब सारखी कवचं दिसली तरी ती चुलतभावंडं असू शकतात आणि त्यांच्या जन्मात लाखो वर्षांचं अंतर असू शकतं. आधी प्रदेश विचारा, मग आकडा लावा.

तर्रीपोहे

ताई, जबरदस्त. अर्धं डोक्यावरून गेलं, पण वाचून राहिलो.

एक सांगा. हा जीव तळाशी राहते, उन्हाशिवाय जमत नाही, पोहता येत नाही. मंग अटलांटिक ओलांडला कसा? मधात हजारो मीटर खोल पाणी. काही जहाज-बिहाज तर नव्हतं ना बाप्पा तवा?

दगडूबाई

तर्रीपोहे, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. या जीवांना कालवांसारखी (शिंपल्यातल्या प्राण्यांसारखी) काही आठवडे तरंगणारी अळीअवस्था नसते. पण दोन गोष्टी आहेत. एक, अगदी बाल्यावस्थेतली पिल्लं इतकी बारीक असतात की प्रवाहाबरोबर गाळातून उचलली जातात. अल्वे आणि गोल्डस्टीन या दोघींनी २००३ मध्ये दाखवलं की अशी पिल्लं परक्या जागी जाऊन पडतात, तिथे न वाढता तग धरतात आणि परिस्थिती जुळली की वाढायला लागतात. दुसरं, असे जीव समुद्रगवतावर आणि शैवालावर चिकटून असतात. गवत तुटून वाहत गेलं की तेही गेले.

एका झेपेत पार व्हायची गरजही नाही. पातळी खाली गेली की बुडालेले उंचवटे उथळ होतात, बेटांची कडा रुंदावते, थांबायला जागा वाढतात. लाखो वर्षांत एकदा जमलं तरी पुरतं. म्हणूनच एकेका प्रदेशात हे कूळ अवचित उगवल्यासारखं दिसतं, पूर्वजांशिवाय.

जिवंत उदाहरण हवं असेल तर अँफिस्टेजिना लोबिफेरा बघा. हाही शैवाल पाळणारा, तळाशी राहणारा. आज तो पूर्व भूमध्यातून पश्चिमेकडे सरकतो आहे, पाणी तापतंय तसा. काही किनाऱ्यांवर वाळूच त्याच्या कवचांची झाली आहे.

कोराडीचा_अभियंता

लेख आवडला, पण दोन शंका आहेत आणि त्या मोजमापाच्या आहेत.

१७, १३, १० या रेषा कुणी ठरवल्या? सरासरी १३.१ आली तर एक जात आणि १२.९ आली तर दुसरी, हे निसर्गाला माहीत आहे का?

दुसरी शंका मोठी. तुम्ही खडकाचं वय एक्सवरून काढता. आणि एक्स काळाबरोबर घटतो हे तुम्हाला कुठून कळलं? खडकांच्या वयावरून. हे गोल गोल फिरणं झालं. आमच्या प्लांटमध्ये असं मीटर कॅलिब्रेट केलं असतं तर ऑडिटवाल्यानं तिथेच धरलं असतं.

दगडूबाई

पहिल्या शंकेचं उत्तर: रेषा माणसांनीच आखल्या. ड्रूगर यांनीही तसंच मानलं. सलग बदलणाऱ्या वंशाचे तुकडे पाडायचे तर कुठेतरी सुरी चालवावी लागते. म्हणून चांगल्या लेखात नुसतं जातीचं नाव नसतं, सरासरी, किती कवचं मोजली आणि विखुरणी किती हेही असतं. नाव बदललं तरी आकडे उपयोगी पडतात. १३.१ आणि १२.९ मध्ये भांडणारा माणूस दिसला की समजायचं, त्याने स्वतः मोजणी केलेली नाही.

दुसऱ्या शंकेला तोड तीन बाजूंनी काढतात. पहिली, एकाच छेदात खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत मोजत जायचं. वय माहीत नसलं तरी खालचा जुना हे नक्की असतं, त्यामुळे चालीची दिशा तिथेच ठरते. दुसरी, त्याच थरांत प्लँक्टॉनिक फोरॅमिनिफेरा मिळाले तर त्यांचे झोन, म्हणजे कुठल्या जाती दिसतात त्यावरून पाडलेले कालखंड. ते पाण्यात तरंगणारे असल्यानं महासागरभर लवकर पसरतात. अडचण अशी की उथळ चुनखडकात ते फार थोडे असतात. तिसरी, स्ट्रॉन्शियम. समुद्राच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम ८७ आणि ८६ (या मूलद्रव्याचे दोन समस्थानिक) यांचं गुणोत्तर ऑलिगोसीन ते मध्य मायोसीन सतत आणि झपाट्यानं वाढत गेलं. कवच न बदललेलं असेल तर ते गुणोत्तर मोजून कप्पे न मोजताच वय काढता येतं. आपल्या कुळाचा सगळा काळ याच चढणीत बसतो, हे नशीब. ज्या काळात ती रेघ सपाट आहे तिथले लोक हात चोळत बसतात.

म्हणजे मीटर दुसऱ्या मीटरवर तपासला आहे. पण एका प्रदेशातला तपासून दुसऱ्या प्रदेशात तसाच लावला तर तुमचा ऑडिटवाला बरोबर ठरेल.

कोराडीचा_अभियंता

स्ट्रॉन्शियमचं पटलं. पहिल्यावर अजून थोडा विचार करतो.

पण सगळीकडे एकाच दिशेनं बदल का? कुणी ढकलत होतं का?

दगडूबाई

ढकलणारं कुणी नाही. जिवंत भाऊबंदांवरून दिलं जाणारं सर्वसाधारण स्पष्टीकरण उजेडाचं आहे. मळसूत्र गुंडाळत बसलात तर कवच जाड आणि लहान राहतं. पंखा लवकर सुरू केलात तर कमी वेळात चपटं, रुंद अंग मिळतं, म्हणजे आतल्या शैवालाला जास्त ऊन. अशा समुद्रात अन्नाची टंचाई असते, त्यामुळे शैवालाची कमाई महत्त्वाची. गरज सगळ्या प्रदेशांत तीच, सुरुवातीचा आराखडा तोच, मग उत्तरही तेच निघालं. लेपिडोसायक्लिनाही असाच. त्याचंही मूळ अमेरिकेत, मध्य इओसीनमधलं (इओसीन म्हणजे ऑलिगोसीनच्या आधीचा काळ). तोही पुढे टेथिसमध्ये आला आणि त्याच्याही भ्रूणकप्प्यांत काळाबरोबर एका दिशेनं बदल झाले. त्याच्यावर लिहायचं तर आणखी एक धागा लागेल.

मुंद्रावासी

मूळचा धरमपेठचा, सध्या मुक्काम कच्छ. आपल्या भागातल्या दगडांचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं.

पश्चिम कच्छमध्ये, लखपत आणि नारायण सरोवराच्या अलीकडे, हे सगळं एका दिवसाच्या गाडीच्या फेरीत दिसतं. खालून वर जायचं तर आधी नरेडी, मग हरुडी, मग फुलरा. या तिन्ही गावांच्या नावानं इओसीनचे थर आहेत. फुलरा चुनखडकात न्युम्युलाइट्स इतके की पायाखाली मोकळे पडलेले असतात, पावसानं मऊ भाग धुऊन नेला की कवचं उरतात. त्याच्या वर मणियारा फोर्टचे ऑलिगोसीन थर. त्यातल्या प्रवाळ असलेल्या चुनखडकात मोठमोठे लेपिडोसायक्लिना, आणि सगळ्यात वर बेरमोटी गावाच्या नावाचा भाग, ज्यात ताईंचे मायोजिप्सिनॉइडीस येतात. साध्या डोळ्यांना ते न्युम्युलाइट्ससारखे रुबाबदार नाहीत, तिळाएवढे ठिपके वाटतात. भिंग न्या.

येणाऱ्यांसाठी सूचना: सरहद्द जवळ आहे, ओळखपत्र सोबत ठेवा. काही भाग चिंकारा अभयारण्यात येतो, तिथून दगड उचलू नका. आणि उन्हाळ्यात येऊ नका. नागपूरकरांना उन्हाचं काय सांगायचं, पण तिथे झाडही नाही.

दगडूबाई

मुंद्रावासी, आभार. एक भर घालते. या भागाचा भूशास्त्रीय नकाशा कॅप्टन ग्रँटनं १८४० मध्ये छापला, तेव्हा तिथली कवचं सोवर्बीनं नोंदवली. न्युम्युलाइट्स ऑब्ट्यूसस आणि न्युम्युलाइट्स अक्यूटस ही नावं तेव्हाची, आणि आजही चालतात. पुढे मुंबईतले डॉक्टर कार्टर यांनी दवाखाना सांभाळून सिंधच्या मोठ्या फोरॅमिनिफेरांवर लिहिलं. जगातल्या या अभ्यासाच्या सुरुवातीच्या पानांवर कच्छ आणि सिंध आहेत, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेखही नसतो याचं मला वाईट वाटतं.

तर्रीपोहे

मंग आमच्या इकडं काऊन नाही ताई? कच्छला आहे, जावाला आहे, आन् नागपूरले काहीच नाही? हा अन्याय आहे. विदर्भाचा अनुशेष इथंबी?

दगडूबाई

अनुशेष नाही, वेळ चुकली! मायोजिप्सिना टेथिसमध्ये आला तेव्हा विदर्भ कोरडी जमीन होता. दख्खनचे लाव्हारस त्याच्या कितीतरी आधी, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, ओतून झाले होते. त्या दोन लाव्हाथरांमधल्या गाळात आपल्याकडे जे मिळतं ते बहुतेक गोड्या पाण्यातलं. हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूरच्या टाकळीचे शंख आणि वनस्पती १८५५ मध्ये जगापुढे आणल्या, ते तळ्याकाठचं जग आहे.

पण एक अपवाद आहे आणि तो माझा आवडता. छिंदवाडा जिल्ह्यातलं झिलमिली. नागपूरहून छिंदवाडा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या लाव्हाथरांमधल्या गाळात गेर्टा केलर, आपले नागपूरचे मोहबे आणि इतरांना प्लँक्टॉनिक फोरॅमिनिफेरा मिळाले, डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळातले. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्रातले तरंगते जीव देशाच्या मध्यात! त्यांनी अनुमान काढलं की समुद्राचा एक फाटा आत आला असावा, नर्मदा-तापीच्या खचदरीतून. ही कवचं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. मायोजिप्सिनाशी त्यांचं नातं एवढंच की दोघे फोरॅमिनिफेरा. तेव्हा अनुशेष थोडा तरी भरून निघाला म्हणा.

तर्रीपोहे

भरला! शनिवारी छिंदवाड्याले जातो. परत येताना सौंसरले चहा.

वैनगंगा

धागा दोनदा वाचला. मी एमएस्सी भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या प्रबंधाला कच्छच्याच स्लाइड्स आहेत, सीनियरनं आणलेल्या. मायोजिप्सिनॉइडीस आहेत, माझी सरासरी एक्स १४ च्या आसपास येते. वय ठरवायला कॅरिबियनच्या एका शोधनिबंधातला तक्ता वापरला होता, कारण तोच स्वच्छ छापलेला मिळाला. आता धसका बसला आहे.

आणि एक. टेथिस बंद झाला तेव्हा नेमकं काय झालं? पुस्तकात एका ओळीत संपवलंय.

दगडूबाई

वैनगंगा, तक्ता बदल. जातीचं नाव फॉर्मोसेन्सिस राहील, ते मोजणीवर आहे. वय मात्र हिंद-प्रशांत प्रदेशाच्या तक्त्यावरून काढ, आणि राजूंचं १९७४ चं काम विभागाच्या ग्रंथालयात शोध, त्यात कच्छ आहे. शिवाय तुझा नमुना नेमक्या कुठल्या थरातला हे सीनियरला विचारून लिहून घे. बेरमोटीचा खालचा भाग की वरचा, यानं फरक पडेल.

टेथिसचं असं. अरबस्तानाचा तुकडा आफ्रिकेपासून सुटून उत्तरेला सरकत युरेशियाला भिडत होता. १.९ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास तिथे पहिल्यांदा जमिनीचा पूल तयार झाला. तो आपल्याला हत्तींमुळे कळतो: गोम्फोथेरियमसारखे हत्तींचे नातलग त्यावरून आफ्रिकेतून युरेशियात आले. हत्तींना वाट मिळाली तीच फोरॅमिनिफेरांची बंद झाली. मधूनमधून पाणी पुन्हा आत शिरलं, पण मध्य मायोसीनमध्ये मार्ग कायमचा मिटला. भूमध्याकडचे मायोजिप्सिनिड पलीकडच्यांपासून तुटले, पाणीही थंडावत गेलं, आणि तिकडचं कूळ संपलं. आपल्या बाजूला, इंडोनेशियाच्या उबदार उथळ समुद्रात, त्यांना आणखी मुदत मिळाली. म्हणून बर्डिगालियन (मायोसीनच्या सुरुवातीच्या भागातला टप्पा) संपल्यानंतरच्या थरात मायोजिप्सिना दिसला की तो हिंद-प्रशांतातला असण्याचीच शक्यता जास्त.

वैनगंगा

समजलं. शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. माझ्या स्लाइड्समध्ये पाच-सहा कवचांत एक्स ८-९ येतो, बाकी सगळी १३ ते १६. ती वेगळी जात धरू का? आणि दोन-तीन कवचांत पहिला कप्पा दिसतच नाही, मळसूत्र फिरतच राहतं.

दगडूबाई

वेगळी जात धरायच्या आधी काप तपास. छेद बरोबर मधल्या प्रतलातून गेला नसेल, थोडा तिरका असेल, तर मळसूत्राचे काही कप्पे कापात येतच नाहीत आणि एक्स खोटाच कमी निघतो. दोन्ही भ्रूणकप्पे पूर्ण गोल आणि त्यांच्यामधली भिंत स्वच्छ दिसत असेल तरच ते कवच मोजणीत घे. नाहीतर बाद कर, किती बाद केली ते मात्र लिही.

ज्यांत पहिला कप्पा दिसत नाही ती दुसऱ्या पिढीची आहेत. या जीवांत दोन पिढ्या आलटूनपालटून येतात: एकीचा पहिला कप्पा मोठा, दुसरीचा अगदी सूक्ष्म आणि मळसूत्र लांब. ड्रूगरांची मोजणी फक्त मोठ्या कप्प्यावाल्यांसाठी आहे. ती सरासरीत मिसळलीस तर एक्स उगाच वाढेल.

सगळं गाळून पाच-सहांपैकी दोन कवचं तरीही ८-९ वर राहिली, तर तुझ्या गाइडना दाखव. वरच्या थरातला तुकडा पिशवीत मिसळला असेल, किंवा खरंच काहीतरी असेल. फोटो टाकलास तर मीही बघते.

वैनगंगा

उद्या विभागात कॅमेरा मोकळा असेल तर टाकते.

कोराडीचा_अभियंता

बाद केलेल्यांचे फोटोही टाका.